झारीवरचं पोर

“हात लावू नको मला. साखर नको, दूध नको, काय नको. आदी माजा देव आणा.”

“आत्याबाई, देव येतोय. रस्त्यात आहे. तोवर चमचाभर साखर तरी तोंडात टाका.”

“देव रस्त्यात कसा गं गेला? पायानं गेला?”

वैजयंतीनं साखरेची वाटी ओट्यावर आदळली. बावीस वर्षं या सासूबरोबर संसार करून तिला एवढं कळलं होतं, की सोजरबाईंच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं की त्यातून दुसरे दोन निघतात.

सोजरबाई देवघरासमोर पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात तांब्याचं ताम्हन, त्यात पाणी, आणि पाण्यात कोणी नाही. तिथं रोज बोटभर उंचीचा चांदीचा बाळकृष्ण बसलेला असे. एक हात वर, हातात लोण्याचा गोळा, डोक्यावर पानांचा मुकुट. रोजच्या आंघोळीनं त्याचं नाक केव्हाच झिजून गेलं होतं. त्याला आंघोळ घातल्याशिवाय बाई पाणीसुद्धा पीत नसत. बाहत्तराव्या वर्षी, साखरेच्या आजारासकट.

आज साडेआठला नात उत्कर्षानं नेहमीसारखं त्यांना इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं होतं. इंजेक्शन, मग पूजा, मग भाकरी, असा घरातला क्रम. आता नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजेक्शन पोटात होतं, भाकरी टोपल्यात होती आणि देव स्टेशनजवळच्या एका हॉटेलात होता.

“आज्जी, बोट दे,” उत्कर्षा साखर मोजायचं मशीन घेऊन खाली बसली.

“बोट घे. रगात घे. पण तोंडात काय घालू नको.”

मशीननं ब्याऐंशी दाखवलं. उत्कर्षानं आईकडं पाहिलं. वैजयंतीनं नजर वळवली, कारण सकाळी सातला सासूबाई आंघोळीला गेल्या असताना उदयसिंहनं ताम्हनात हात घालून देव उचलला, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. “तासाभरात आणतो,” तो म्हणाला होता. आणि ती काही बोलली नव्हती.

तिला दोष देणं सोपं आहे. उदयसिंह चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अठरा वर्षं सुपरवायझर होता. दिवाळीनंतर घरी बसला. कंपनीनं माणसं कमी केली, असं त्यानं आईला सांगितलं. खरं काय ते वैजयंतीला माहीत होतं आणि ती ते कोणालाच सांगत नव्हती. तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊन. उदयसिंहच्या डोक्यात स्वतःची शेड होती, एक लेथ मशीन, दोन माणसं. आणि त्या शेडचा रस्ता सोजरबाईंच्या ट्रंकेतून जात होता.

ट्रंकेत झारी होती. साहेबाची झारी, असं तिला सगळी भावकी म्हणे. चांदीची, वीतभर उंच, वर निमुळती होत गेलेली, बाहेरून सगळीकडं वेलबुट्टी, आणि कान म्हणजे वेलीचाच पीळ. सोजरबाईंचे सासरे रामहरी वैरागहून सोलापुरात आले ते गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरच्या बंगल्यावर कामाला लागले. साहेबाच्या टेबलावर जेवण वाढायचं काम. साहेब देश सोडून जाताना त्यानं ही झारी रामहरींच्या हातात ठेवली. तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक मुलीच्या कन्यादानाला पाणी याच झारीतून सोडलं गेलं. वैरागपासून मोहोळपर्यंत ती पिशवीत घालून नेली जायची, परत यायची, चिंच आणि राखेनं घासून ट्रंकेत जायची.

चार दिवसांपूर्वी पेपरात जाहिरात आली. मुंबईच्या एका लिलाव कंपनीची माणसं जुनी चांदी, काचसामान, घड्याळं पाहायला सोलापुरात येणार होती. उदयसिंहनं शनिवारी झारी त्यांच्या स्टेशनजवळच्या हॉटेलात नेऊन दाखवली. तिथं राजनंदिनी नावाची तरुण बाई होती. तिनं पांढरे हातमोजे घातले, झारी उलटी केली आणि डोळ्याला भिंग लावून बुडाशी पाहिलं. इंग्रजी चांदीच्या खुणा होत्या: चालता सिंह, एक अक्षर, बनवणाऱ्याचा शिक्का. दीडशे वर्षांपूर्वीची विलायती झारी, वाइन वाढायची.

“घासता कशानं?” तिनं विचारलं.

“चिंचेनं. राख लावून.”

“म्हणून पानं सपाट झालीत,” ती वाईट वाटल्यासारखं म्हणाली. “शिक्के वाचले, कारण बूड कोणी घासत नाही.” मग तिनं झाकणावरून बोट फिरवलं. “आणि हे काय? वरची मूठ कोणीतरी कापलीये. करवतीनं, अगदी हलक्या हातानं. इथं एक लहान मूल बसलेलं असणार, हातात द्राक्षांचा घोस, डोक्यावर वेलीची पानं. दारूचा देव असतो त्यांचा, त्याचं बालरूप. ते मिळालं तर बघा. असं तुटकं असेल तर लिलावात दोन लाखांपर्यंत जाईल. पूर्ण असेल तर सहा-सात.”

द्राक्षांचा घोस वर धरलेलं लहान मूल कुठं बसलंय ते उदयसिंहला चांगलं माहीत होतं. लहानपणी गोकुळाष्टमीला त्यानंच त्याच्या पाळण्याची दोरी ओढली होती.

दोन दिवस तो गप्प राहिला. आज सोमवार. बाई बारा वाजता पुण्याला निघणार होती, आणि आजच्या आज वस्तू हातात आली तरच पुढच्या लिलावाच्या यादीत जाणार होती. शंभर वर्षांवरची वस्तू म्हणजे सरकारी नोंदणीचे कागद आले, त्याला वेळ लागतो, असं ती म्हणाली होती.

“पप्पा, कुठं आहात?” उत्कर्षा गॅलरीत जाऊन फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. “आज्जीनं इंजेक्शन घेतलंय. खात नाहीये. तिला घाम यायला लागलाय.”

“दहा मिनिटं. मॅडम फोटो काढतायत.”

“फोटो राहू द्या!”

आत सोजरबाई पदरानं कपाळ पुसत होत्या. एप्रिलचा महिना, नऊ वाजताच भिंती तापलेल्या, त्यामुळं हा घाम कशाचा ते सांगता येत नव्हतं. वैजयंती वाटी घेऊन पुन्हा खाली बसली.

“आत्याबाई, तुम्हाला काही झालं तर लोक मला विचारतील.”

“इचारू दे की. सांग, सासूचा देव नेला नि सासू बी गेली.”

“मी नाही नेला.”

“तू दारात हुतीस.”

वैजयंतीचा हात वाटीसकट तिथंच थांबला.

“न्हाणीला दार हाय, भिंत न्हाय,” सोजरबाई म्हणाल्या. “त्यो म्हनला ‘तासाभरात आणतो’, ते मला आयकू आलं. कुनाला म्हनला? देवाला?”

पुन्हा बोट टोचलं. अडुसष्ट, म्हणजे सत्तरच्या खाली. उत्कर्षा रडकुंडीला आली. “आज्जी, आता मी जबरदस्ती करणार हं.”

“कर. तुझ्या हातात जोर हाय, माज्या दातात हाय.”

नऊ चाळीसला खाली मोटारसायकल थांबली. उदयसिंह जिना चढून आला तो धापा टाकतच. तोंडात बडीशेप होती. सकाळ असो, दुपार असो, त्याच्या तोंडात हल्ली बडीशेप असायचीच. काखेत टॉवेलात गुंडाळलेली झारी. त्यानं टॉवेल सोडून ती जेवणाच्या टेबलावर ठेवली, आणि क्षणभर तिघीही भांडण विसरल्या.

पोर झाकणावर बसलं होतं. राजनंदिनीनं फोटोपुरतं मेणाच्या थेंबानं बसवलं होतं, पण ते तिथलंच होतं हे सांगायला भिंग लागत नव्हतं. खालच्या वेली वर येऊन त्याच्या पायाशी मिळाल्या होत्या. तो वर केलेला हात, तो मुकुट, सगळं आता वेलीचंच दिसत होतं. वैजयंतीला एकदम वाटलं, यात लोणी कधी दिसलं आपल्याला?

सोजरबाई उठल्या, टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि हात पुढं केला. उदयसिंहनं झारी मागं ओढली.

“आधी ऐक.”

“अहो, आधी त्यांना खाऊ द्या!” वैजयंती ओरडली.

“खाईल. देव दिला की खाईल आणि पुन्हा हातात द्यायची नाही, मला माहीत आहे ना. आई, नीट बघ याच्याकडं. हा बाळकृष्ण नाही. हे लोणी नाही, द्राक्षं आहेत. हा मुकुट नाही, द्राक्षाची पानं आहेत. इंग्रजांचा दारूचा देव आहे हा. दारूचा! ज्या दारूनं माझा बाप खाल्ला, तिच्या देवाला तू जन्मभर दुधानं आंघोळ घालतेस.”

उत्कर्षा म्हणाली, “पप्पा!”

असं सांगितलं की आई कोसळेल, नाहीतर स्वतःच तो देव भिरकावून देईल, असं काहीतरी त्यानं वाटेत ठरवलं असावं. त्यानं ते वाक्य तयार करून आणलं होतं, हे ऐकताना कळत होतं.

सोजरबाईंनी पदरानं मानेचा घाम पुसला.

“म्हायती हाय मला.”

“काय माहीत आहे?”

“दारूचा हाय त्ये. तुज्या आज्ज्यानं सांगितलंया.”

टेबलाची खुर्ची ओढून त्या बसल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त मधेमधे श्वास घ्यायला थांबत होत्या.

“मामंजी झारी उनात ठिवायचे, घासून. मी शेजारी शेंगा फोडत बसायची. एक दिस सांगाय लागले. म्हनले, सोजर, बाटलीतली लाल दारू आदी हिच्यात वतायची. मेणबत्ती लावून, तिच्या उजेडात बगत बगत, म्हंजी गाळ बाटलीत ऱ्हातो. मग साहेबाच्या पेल्यात. ईस वर्सं वतली म्हनले, थेंब चाखला न्हाय. मी इचारलं, वरती पोरगं कुनाचं? तर हसले. म्हनले, मड्डम सांगायची, त्यो दारूचा देव, ल्हानपनचा. वर देव हाय, म्हनून पेला रिकामा ऱ्हात न्हाय.”

“आणि तरी तू...”

“मला बोलू दे. तुज्या बापाचा तवा काय रंग हुता, तुला आठवतंय का? तू पाच वर्साचा. गिरणी सुटली की पगार घिऊन कुटं जायचे, रस्त्यातनं कोन उचलून आनायचं? मी सिद्रामेस्वराला गेले. तुळजापूरला गेले. मोहोळच्या बाबाचा अंगारा घातला चहात. काय झालं न्हाय. मग मला सुचलं, ज्याचं त्यालाच सांगावं की. हितं तितं कशाला फिरायचं?”

पन्नास वर्षांपूर्वी वैरागहून आलेली, सही करायला नंतर शिकलेली ही बाई. एका दुपारी पदराखाली झारी घेऊन ती कल्लप्पा सोनाराच्या दुकानात गेली. कल्लप्पा म्हणाला, बाई, जिन्नस मोडतोय. ती म्हणाली, मोडू दे, पोरगं तेवढं काप. त्यानं कापलं. घरी येऊन तिनं झारी ट्रंकेत टाकली आणि पोर ताम्हनातल्या पाण्यात बसवलं. नवसाला देव पाण्यात घालतात, तसा. लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून बाळकृष्ण सापडला असं सांगितलं. गल्लीतल्या बायका अष्टमीला पाळणा म्हणायला आल्या. रामहरींनी प्रसादाचा सुंठवडा हातात घेतला, सुनेकडं पाहिलं आणि मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

“त्येला म्हनलं,” सोजरबाई म्हणाल्या, “तुला तुज्या झारीवर बसायचंय न्हवं? माज्या नवऱ्याला सोड. घरातली दारू गेली की मी सवता तुला जोडून देते. तवर पाण्यात बस.”

फ्रीज सुरू झाल्याचा आवाज आला.

“नाही सुटली ना पण,” उदयसिंह म्हणाला. आवाज उतरला होता, तरी त्यानं झारीवरचा हात काढला नव्हता. “अण्णा दारूतच गेले. संपला नवस. मग आता काय अडचण आहे? दे जोडून.”

सोजरबाई सुनेकडं वळल्या.

“वैजू. तू लगीन हून आलीस तवा देव कुटं हुता?”

“पाळण्यात.”

“वला का कोरडा?”

“कोरडा.” वैजयंतीला तो लाल मखमलीचा पाळणा आठवला. नवी नवरी म्हणून पहिल्या अष्टमीला तिनंच त्याला नवी झालर शिवली होती.

“तुजे सासरे गेले त्याच दिशी काडला हुता मी भायेर. हरली मी. जोडाय मात्र न्हाय दिला. मग पाण्यात परत कदी गेला?”

“उन्हाळ्यात...” वैजयंती म्हणाली. “तुम्ही म्हणालात, ऊन फार झालंय, त्याला गार वाटू दे. उत्कर्षा सातवीत होती तेव्हा.”

बोलता बोलता ती थांबली. उत्कर्षा सातवीत होती, त्याच उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा वॉशिंग मशीनच्या मागं बाटली सापडली होती. तिनं ती रिकामी करून टॉवेलांच्या चिंध्यांत बांधून फेकली होती. त्यानंतर तांदळाच्या डब्यात. त्यानंतर गाडीच्या डिकीत. सात वर्षं ती बडीशेप आणत होती, खिडक्या उघडत होती, ‘ह्यांचं पित्त वाढलंय’ म्हणत होती, आणि आपण सासूपासून लपवतोय असं समजत होती. आणि सासू सात वर्षं तिच्या डोळ्यांसमोर ताम्हनातलं पाणी बदलत होती.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“कारखान्याच्या गेटवर आपला सिद्धराम हाय न्हवं, वॉचमन. दारू हुडकाय मशीनीत फुकायला लावत्यात तितं. ह्यानं तीनदा फुकलं. तिसऱ्यांदा घरी धाडलं.” सोजरबाईंनी मुलाकडं पाहिलं. “मानसं कमी केली म्हनं. व्हय, एक कमी केलं.”

उत्कर्षा बापाकडं बघत होती. उदयसिंहनं बडीशेप चावणं थांबवलं होतं. तोंडात होती तशीच ती राहिली, गिळता येईना आणि थुंकताही येईना. त्याच वेळी टेबलावर त्याचा फोन वाजला. पडद्यावर राजनंदिनी मॅडमचं नाव आलं. दोनदा वाजला, तीनदा वाजला. त्यानं हात पुढं नेला आणि अर्ध्यावर थांबवला.

“आई, सहा लाख म्हणतायत,” तो म्हणाला. “शेड उभी राहील. माझं मी काम सुरू केलं की आपोआप सुटेल. शपथ. घरी बसूनच जास्त होतं गं.”

“कुनाची शपत?”

त्यानं उत्कर्षाकडं पाहिलं.

“तुजा बाप म्हनायचा, बढती मिळाली की सोडतो. मिळाली. मग म्हनला, पोरगं झालं की सोडतो. तू झालास.”

फोन बंद झाला. सोजरबाई टेबलाला धरून उठल्या. या वेळी उदयसिंहनं झारी ओढली नाही. त्यांनी पोराला अंगठा आणि बोटात धरून एकदा हलवलं, मेण सुटलं, आणि ते त्यांच्या तळहातावर आलं. वैजयंतीनं पुढं होऊन कोपर धरलं. बाईंनी ते झटकलं नाही.

पाटावर बसून त्यांनी बुडाचं मेण नखानं खरवडलं. पळीभर दूध, मग पाणी, मग पुसून पुन्हा ताम्हनात. घाई केली नाही. उदबत्ती लावायला तीन काड्या लागल्या. उत्कर्षा मशीन हातात घेऊन मागं उभी होती, आणि वैजयंतीनं साखरेची वाटी नैवेद्य म्हणून पुढं सरकवली. सोजरबाईंनी वाटीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, उघडले आणि मूठभर साखर तोंडात टाकली. उत्कर्षानं धरून ठेवलेला श्वास सोडला तो घरभर ऐकू आला.

“भाकरी वाढ,” सोजरबाई म्हणाल्या. “चटणी, दही. कांदा फोड.”

त्या टेबलापाशी येऊन जेवायला बसल्या. समोर झारी होती, डोकं कापलेली. त्यांनी एका हातानं ती बाजूला सरकवली आणि ताट पुढं ओढलं. उदयसिंह खिडकीशी उभा होता, पाठमोरा. अर्धी भाकरी झाली. फोन पुन्हा वाजला.

“उत्के, घे त्यो फोन. बाईला सांग, औंदा न्हाय. झारी विकायची हाय, अख्खी विकायची हाय, पोरासकट. पन वर्सानं.” त्यांनी दह्यात भाकरी कुस्करली. “उद्या सकाळी आठला उदा आनि मी दवाखान्यात जानार. दारू सोडवत्यात तितं. सिद्धरामचा मेव्हना तितंच बरा झाला, म्हैनाभर ठिवून घेत्यात. मी इचारून ठिवलंय. वैजू कामावर जाईल, उत्की माजी सुई टोचून कॉलिजात जाईल. वर्सभर ह्याच्या तोंडाला वास आला न्हाय, तर मी सवता देव पाण्यातनं काडीन नि मंबईला घिऊन जाईन. न्हाय तर त्यो पाण्यातच ऱ्हाईल आनि झारी ट्रंकेत. चटणी वाढ.”